मूळव्याधीवरचे उपचार : पहिल्या तपासणीपासून शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यापर्यंत

शौचाला बसल्यावर भांड्यात लाल रक्त दिसले, की माणूस आधी घाबरतो आणि मग गप्प बसतो. घरात सांगायचे कसे, डॉक्टरांसमोर कपडे काढायचे कसे, या संकोचात महिने निघून जातात. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते, नाही तर भिंतीवर रंगवलेली ‘विना ऑपरेशन मूळव्याध मुळापासून बरी’ अशी जाहिरात वाचून भलत्याच माणसाकडे धाव घेतली जाते. ज्यांना हा त्रास नव्याने सुरू झाला आहे आणि कोणते उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत हे ठाऊक नाही, अशा कोल्हापूर आणि परिसरातल्या वाचकांसाठी हा लेख आहे. या आजारातल्या उपचारांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बहुतेक रुग्णांचे खालच्या पायऱ्यांवरच भागते, शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागणारे थोडे असतात. मात्र तपासणीची पहिली पायरी कोणालाच गाळता येत नाही, हे मला सर्वांत आधी आणि आग्रहाने सांगायचे आहे.

पहिली पायरी : आजाराचे नाव पक्के करून घेणे

गुदमार्गाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या, स्नायूंचे धागे आणि मऊ ऊती मिळून बनलेल्या गाद्या प्रत्येकाच्याच शरीरात जन्मापासून असतात. नळातल्या वॉशरप्रमाणे त्या तोंड घट्ट मिटायला मदत करतात, म्हणून वारा किंवा पातळ मल नकळत बाहेर येत नाही. वर्षानुवर्षे कुंथण्याने, बद्धकोष्ठाने, गरोदरपणातल्या दाबाने किंवा वयोमानाने या गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात, गाद्या खाली सरकतात, रक्ताने फुगतात आणि मल जाताना घासल्या जातात. यालाच आपण मूळव्याध म्हणतो, आणि बाहेर डोकावणाऱ्या भागाला कोंब किंवा मोड. या गाद्या बहुधा तीन ठिकाणी असतात. रुग्ण उताणा झोपला आहे असे धरून डॉक्टर केसपेपरवर घड्याळाप्रमाणे ३, ७ आणि ११ असे आकडे लिहितात, ते त्यांचेच स्थान असते.

आतली मूळव्याध बहुधा दुखत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुदमार्गात एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या भागाला त्वचेसारखी वेदना कळत नाही, खालच्या भागाला मात्र पुरेपूर कळते. म्हणून वेदना न होता ताजे, लाल रक्त थेंबाथेंबाने किंवा पिचकारीसारखे पडणे, हे आतल्या मूळव्याधीचे नेहमीचे लक्षण आहे. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येत असेल आणि नंतर तासभर आग होत असेल, तर ती बहुतेक वेळा मूळव्याध नसून गुदद्वाराला पडलेली चीर, म्हणजे फिशर असते. शेजारी एखादी पुळी येऊन तिच्यातून अधूनमधून पू किंवा पाणी येत असेल, तर भगंदराचा विचार करावा लागतो. ठणका, सूज आणि ताप एकत्र आले, तर तो गळू असू शकतो आणि त्याचा निचरा लगेच करावा लागतो. आपल्याकडे बोलताना या साऱ्यांना सरसकट मूळव्याधच म्हटले जाते आणि एकाचा मलम दुसऱ्याच्या आजारावर लावला जातो. फिशरच्या रुग्णाने महिनोन्महिने मूळव्याधीची औषधे खाण्याचे कारण हेच असते.

याहून गंभीर शक्यता मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची आहे. रक्त काळपट किंवा मलात मिसळून येत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांत बदलली असेल, वजन घटत असेल, पोट साफ झाल्याचे समाधान कधीच होत नसेल, रक्तक्षय झाला असेल, घरात जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग झालेला असेल, किंवा वय पंचेचाळीसच्या पुढे असून रक्त प्रथमच दिसले असेल, तर दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. कोंब दिसतो आहे म्हणून रक्त त्याचेच, असे गृहीत धरणे धोक्याचे असते, कारण मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

तपासणीच्या दिवशी नेमके काय होते

कोल्हापुरात यासाठी दोन वाटा आहेत. एक छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर. हे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. सकाळी केसपेपर काढून शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत जावे. दुसरी वाट खासगी शल्यचिकित्सकाची. दोन्हीकडे विचारायचे एकच, की तपासणारी व्यक्ती नोंदणीकृत, पदवीधर आहे ना आणि तिच्या पदवीत शल्यशास्त्राचे शिक्षण आहे ना. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात करायलाही हरकत नाही. परंतु केवळ लक्षणे ऐकून, न तपासता गोळ्या लिहून दिल्या गेल्या, तर तपासणीची विनंती आपणहून करावी.

तपासणी पाच-सात मिनिटांची असते. टेबलावर डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात आणि लागतो तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचे अंग चादरीने झाकतात. डॉक्टर प्रथम नुसते बघतात, मग हातमोजा घालून, जेली लावून एक बोट आत घालतात. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाची आखूड, बोटापेक्षा थोडी जाड नळी आत सरकवतात, तिच्यातली दांडी काढून घेतात आणि उजेडात गाद्या पाहतात. नळी आत जाताना हलकेच कुंथल्यासारखे करावे आणि तोंडाने श्वास सोडत राहावे. स्नायू सैल पडतो आणि त्रास कमी होतो. शौचाला लागल्याची भावना होते, ती खोटी असते, घाबरू नये. चीर पडलेली असेल तर बोट लावणेही असह्य होते. तसे असल्यास आधीच सांगावे, मग आतली तपासणी पुढे ढकलता येते. स्त्रियांनी तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरातली बाई सोबत असावी असे म्हणणे अगदी रास्त आहे. तसे नि:संकोच सांगावे.

या भेटीला जाताना आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, यकृताचा जुना आजार असेल, मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. बरेच दिवस रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. थेंब थेंब रक्त गेल्याने काय होणार, असे वाटते. पण मूळव्याधीच्या रक्तस्रावाने हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेले आणि जिना चढताना धाप लागते म्हणून हृदय तपासायला गेलेले रुग्ण डॉक्टरांना भेटत असतात.

तपासणीनंतर डॉक्टर आजाराची प्रत, म्हणजे ग्रेड, सांगतात, ती लिहून घ्यावी. पहिल्या प्रतीत रक्त येते, पण कोंब बाहेर येत नाही. दुसरीत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत सारावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो. ही प्रत आतल्या मूळव्याधीची असते आणि पुढचा उपचार बराचसा तिच्यावरून ठरतो.

दुसरी पायरी : पोट आणि ताट

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आहारातले तंतू वाढवल्याने मूळव्याधीच्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसून आलेले आहे. एवढा स्वस्त आणि इतका निर्धोक उपाय या आजारात दुसरा नाही, आणि पुढे कितीही मोठी शस्त्रक्रिया केली तरी हा उपाय चालू ठेवावाच लागतो.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३, आणि मटकी, मूग, हरभरा यांसारख्या कडधान्यांत १५ किंवा त्याहून अधिक. म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, एक पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर आणि एखादा पेरू एवढे रोज झाले, तर आकडा बराचसा भरून निघतो.

तिखटाने मूळव्याध होते, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच घरातली कांदा-लसूण मसाल्याची बरणी वरच्या फळीवर जाते. तिखट हे मूळव्याधीचे कारण असल्याचा भक्कम पुरावा नाही. चीर पडलेली असेल किंवा शस्त्रक्रियेची जखम ओली असेल, तेव्हा तिखटाने आग वाढते, तेवढ्या काळापुरते ते टाळणे योग्य आहे. एरवी तांबड्या रश्श्याच्या ताटातली अडचण त्याच्या तिखटापेक्षा, मटण, रस्सा आणि भात यांच्यासोबत तंतू देणारे फारसे काही नसते ही आहे. त्या ताटात भाताऐवजी भाकरी घ्यावी आणि कांदा-काकडीची भरपूर कोशिंबीर घ्यावी. मिसळीतली मटकी उत्तमच आहे. पाव मैद्याचा असतो, तो आवरता घ्यावा. मटण रविवारी आणि सणावारी खाणाऱ्याला ते सोडायला सांगून काही साधत नाही, आठवड्याचे उरलेले दिवस काय खाल्ले जाते याला महत्त्व आहे.

आहारातून पुरेसे तंतू जात नसतील तर इसबगोल घ्यावे. साधा, साखर किंवा सोनामुखी न मिसळलेला इसबगोलाचा भुसा घ्यावा. रात्री जेवणानंतर दोन भरलेले छोटे चमचे, म्हणजे साधारण ७ ते १० ग्रॅम भुसा मोठ्या पेल्यातल्या पाण्यात टाकून लगेच ढवळावा आणि लगेच प्यावा. वर आणखी एक पेला पाणी प्यावे. पेला दहा मिनिटे तसाच ठेवून पाहिला, तर सगळ्या पाण्याची चिकट खीर झालेली दिसते. हीच क्रिया आतड्यात होऊन मल मऊ आणि भरीव होतो, आणि म्हणूनच कमी पाण्यासोबत इसबगोल घेतल्यास तेच घट्ट होऊन अडकू शकते. इतर औषधे त्याच्यापासून दोन तास दूर ठेवावीत. ज्यांना गिळताना अडकते किंवा आतड्याचा अडथळा पूर्वी झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पहिले काही दिवस पोटात वारा धरतो. म्हणून अर्ध्या मात्रेने सुरुवात करून आठ-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत गुण नाही म्हणून बरणी बाजूला ठेवू नये.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर पोटात जावे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांना आणि उन्हात ऊसतोड करणाऱ्यांना याहून अधिक लागते. शौचाची भावना झाली की टाळू नये. पाळीत काम करणाऱ्यांची आणि एसटीच्या चालक-वाहकांची येथेच ओढाताण होते, हे मान्य आहे. तरीही दिवसातली एक वेळ, बहुधा सकाळच्या चहानंतरची, राखून ठेवण्याचा प्रयत्न करावा. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि मोबाइल बाहेर ठेवावा. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. हुपरीच्या चांदीकामासारख्या किंवा चप्पल शिवण्यासारख्या बैठ्या धंद्यात तासाभराने उठून चार पावले चालावे. तालमीत किंवा जिममध्ये श्वास कोंडून वजन उचलण्याची सवय असेल, तर त्रास शमेपर्यंत ती बंद ठेवावी.

तिसरी पायरी : औषधे आणि शेक

कोमट पाण्याचा शेक हा वेदनेवरचा सर्वांत सोपा उपाय आहे. पसरट टबात, कंबर बुडेल एवढे, हाताच्या कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे आणि दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाण्यात काही टाकायची गरज नसते. नंतर मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये.

इसबगोल पुरेसे पडत नसेल तर डॉक्टर मल मऊ करणारे लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. सोनामुखीचे जालीम रेच रोज घेऊ नयेत. मूळव्याधीच्या ट्यूबमध्ये बहुधा भूल देणारे लिग्नोकेन आणि कधी सूज उतरवणारे स्टेरॉइड असते. त्यांनी खाज आणि दुखणे तात्पुरते शमते, पण कोंब जात नाही. स्टेरॉइडची ट्यूब आठवड्याहून जास्त वापरल्यास तिथली त्वचा पातळ पडते. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन असलेल्या गोळ्यांनी रक्तस्राव आणि सूज उतरायला मदत होते, त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरत्याच घ्याव्यात. दुखण्यासाठी मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. ट्रामाडोलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते.

गरोदरपणात उपचार बहुतेक वेळा याच पायरीवर थांबतो. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुष्कळ जणींचा त्रास आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या काळात शस्त्रक्रियेची घाई करू नये.

चौथी पायरी : ओपीडीत होणारे उपाय

सहा-आठ आठवडे नीट पथ्य पाळूनही रक्त थांबत नसेल किंवा कोंब बाहेर येत असेल, तर भरती न होता करता येणारे उपाय आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि काही तिसऱ्या प्रतीच्या रुग्णांसाठी यांतला सर्वांत भरवशाचा उपाय रबर बँडचा, ज्याला डॉक्टर नुसते बँडिंग म्हणतात. ही पद्धत १९६३ सालापासून आजच्या रूपात रुळलेली आहे.

प्रॉक्टोस्कोप घालून डॉक्टर एक छोटे यंत्र आत नेतात, कोंबाचा वरचा भाग चिमट्याने किंवा हवेच्या ओढीने यंत्राच्या तोंडात घेतात आणि त्याच्या मुळाशी अगदी लहान, जाड रबरी कडी सोडतात. जागा वेदना न कळणाऱ्या भागात निवडलेली असल्यामुळे भूल लागत नाही. कडी बसताना तीक्ष्ण कळ आली, तर ती सीमारेषेच्या खाली बसली आहे असे समजावे आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावे. ती काढून वर बसवता येते. घरी जाऊन मग सांगू, असे करू नये. रक्तपुरवठा तुटलेला कोंब पाच ते दहा दिवसांत वाळून गळतो आणि बऱ्याचदा शौचातून नकळत निघून जातो. पहिले एक-दोन दिवस जडपणा आणि शौचाला लागल्याची भावना राहते. एका वेळी एक ते तीन कड्या लावतात आणि लागल्यास चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात.

कोंब गळण्याच्या सुमारास, म्हणजे पाचव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत, कधीकधी बरेच रक्त जाऊ शकते. चंदगडसारख्या शंभर किलोमीटरहून दूरच्या तालुक्यातून येणाऱ्यांनी या दोन आठवड्यांत रात्री-अपरात्री जवळचे कोणते रुग्णालय गाठायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना बँडिंग सहसा करत नाहीत. त्या गोळ्या मनाने बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचाच असतो. बँडिंगनंतर ताप, वाढत जाणारी वेदना आणि लघवी अडकणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरत असण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, पण घडल्यास एक तासही थांबू नये.

छोट्या, नुसते रक्त येणाऱ्या कोंबांसाठी इंजेक्शनचा उपाय आहे. बदामाच्या तेलातले ५ टक्के फिनॉल किंवा पोलिडोकॅनॉल गादीच्या मुळाशी टोचतात आणि ती आकसते. बँडिंगपेक्षा याचा परिणाम कमी टिकतो. गल्लीबोळात पदवी नसलेली माणसे ‘एका सुईत मूळव्याध गायब’ म्हणून जे टोचतात, त्याचा या उपायाशी काही संबंध नाही. चुकीच्या जागी किंवा चुकीचे रसायन टोचल्याने मांस सडते, गळू होते आणि गुदद्वार कायमचे आकसू शकते. मूळव्याध आणि भगंदर बरे करण्याचा दावा औषधांबाबत करण्यास औषध व सौंदर्य प्रसाधने नियमांच्या ‘शेड्यूल जे’ने मनाई केलेली आहे, हे अशी जाहिरात वाचताना ध्यानात असावे. इन्फ्रारेड किरणांच्या उष्णतेने गादी आकसवण्याचाही एक उपाय आहे, तो लहान कोंबांपुरताच.

पाचवी पायरी : शस्त्रक्रिया

तिसऱ्या प्रतीचे मोठे कोंब, चौथी प्रत, आतले आणि बाहेरचे कोंब एकत्र असणे, किंवा बँडिंग करूनही रक्त न थांबणे, ही शस्त्रक्रियेची कारणे आहेत. तिचे चार मुख्य प्रकार आहेत आणि रुग्णाने ते समजून घेतलेच पाहिजेत.

पहिला प्रकार कोंब कापून काढण्याचा. जखम उघडी ठेवण्याची पद्धत १९३७ साली मिलिगन आणि मॉर्गन यांनी मांडली; टाके घालून जखम बंद करण्याची फर्ग्युसन यांची पद्धत १९५९ सालची. वेदना या प्रकारात सर्वांत जास्त, आणि आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सर्वांत कमी.

दुसरा प्रकार स्टेपलरचा, इटलीतल्या लाँगो यांनी १९९८ साली रूढ केलेला. यात कोंब कापत नाहीत, तर त्याच्या वरच्या अस्तराची एक चकती गोलाकार कापून पिना मारतात आणि गाद्या वर ओढल्या जातात. सुरुवातीच्या दिवसांत दुखते कमी. परंतु ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, दोन वर्षांनी स्टेपलरच्या ४२ टक्के रुग्णांना आजार पुन्हा जाणवला, तर पारंपरिक शस्त्रक्रियेच्या २५ टक्क्यांना. स्टेपलरचा खर्च जास्त असतो, म्हणून हा फरक आधी ठाऊक असावा.

तिसऱ्या प्रकारात डॉप्लर यंत्राने आवाजावरून रक्तवाहिन्या शोधून त्या टाक्याने बांधतात. २०१६ सालच्याच आणखी एका ब्रिटिश चाचणीत वर्षभराने यातल्या ३० टक्के रुग्णांना त्रास परतला, तर एकदाच बँडिंग केलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना. बँडिंग गरजेप्रमाणे पुन्हा केले तर हा फरक बराच कमी होतो, आणि बँडिंगला ना भूल लागते ना भरती.

चौथा लेझरचा. कोल्हापुरातही अलीकडे याची जाहिरात जोरात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. यात बारीक तंतूच्या टोकातून निघणाऱ्या किरणांनी कोंब आतून आकसवतात. वेदना कमी, कामावर परतणे लवकर, हे खरे आहे. मात्र यालाही भूल लागते, म्हणजे ही शस्त्रक्रियाच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला ती मानवते, मोठ्या बाहेरच्या कोंबांना तितकीशी नाही. आणि आजार परतण्याचे प्रमाण कापण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक दिसते. पहिल्या प्रतीच्या रुग्णाला आहार आणि बँडिंग यांबद्दल एक शब्दही न सांगता थेट लेझरची तारीख दिली जात असेल, तर दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे.

होकार देण्याआधी विचारावे : माझी प्रत कोणती, बँडिंगने भागणार नाही का, यांपैकी कोणता प्रकार आणि तोच का, अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत, आणि भूल, खोली, साहित्य धरून खर्च किती, तो लेखी मिळेल का. गुदद्वार आकसणे किंवा वारा-मलावरचा ताबा कमी होणे हे धोके क्वचितचे असले, तरी त्यांचा उल्लेख डॉक्टरांनी आपणहून करायला हवा. आरोग्य विम्यात मूळव्याध, फिशर, भगंदर यांना सुरुवातीची एक-दोन वर्षे संरक्षण नसते असे बऱ्याच पॉलिसींत लिहिलेले असते, ते कलम आधी वाचावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया आणि ते रुग्णालय बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे.

आयुर्वेदातला उपाय

सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, भेषज (औषध), क्षार, अग्नी (डाग देणे) आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेले आहेत. क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे चढवलेला दोरा, प्रामुख्याने भगंदरावर वापरतात आणि तेथे त्याचा गुण चाचण्यांतही दिसलेला आहे; मूळव्याधीत तो कोंबाच्या मुळाशी बांधतात. हा उपाय घ्यायचा असेल तर आयुर्वेदातल्या शल्यतंत्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडे आणि भूल देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच घ्यावा.

अचानक ठणकणारी गाठ

एके दिवशी अचानक गुदद्वाराशी निळसर, टणक, प्रचंड दुखणारी गाठ आली, तर ती बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठल्याची असते. पहिल्या तीन दिवसांत गेल्यास जागा बधिर करून ती काढता येते आणि लगेच आराम पडतो. त्यानंतर वेदना आपोआप उतरू लागते, मग शेक आणि औषधांवरच भागवतात. आतला मोठा कोंब बाहेर येऊन अडकला, काळानिळा पडला आणि आत जात नसेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेनंतरचा महिना

पहिल्या रात्री लघवी अडकू शकते, विशेषतः कंबरेत भूल दिलेली असेल तेव्हा आणि वयस्क पुरुषांत. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर परिचारिकेला सांगावे, कळ सोसत बसू नये. पहिले शौच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि त्याची धास्ती सगळ्यांनाच असते. दुखेल म्हणून जेवण कमी करणे ही सर्वांत मोठी चूक. मल कडक होतो आणि दुखते दुप्पट. भाकरी दुधात कुस्करून, मुगाची खिचडी, पालेभाजी, पपई असे मऊ पण तंतूंचे खावे, इसबगोल किंवा सांगितलेले औषध चुकवू नये, आणि शौचाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी घ्यावी. शौचानंतर शेक. चीर आणि जखम यांवर लावायला डॉक्टर बऱ्याचदा स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम देतात, त्याने आचके कमी होतात.

कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिला आठवडा वेदनेचा जातो, जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात. थोडा ओलावा आणि रक्ताचे डाग या काळात चालतात. सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान गुठळ्यांसह भरपूर रक्त आले, चक्कर आली, ताप भरला किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर फोनवर सल्ला विचारत न बसता रुग्णालयात जावे. टेबलावरचे काम दोन आठवड्यांत सुरू करता येते. ऊसतोड, हमाली, फाउंड्री, तालीम यांसाठी जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावे. दुचाकी, त्यातही खड्ड्यांच्या रस्त्यावरची, पहिले दोन आठवडे नको. सहा आठवड्यांनी दाखवायला जावे. मल पातळ फितीसारखा येऊ लागला असेल तर ते त्या वेळी आवर्जून सांगावे, कारण आकसणारे गुदद्वार लवकर लक्षात आले तर औषधाने आणि साध्या उपायांनी सैल करता येते.